दिवाणखान्यातल्या मोठ्या झाडासाठी कुंडी निवडताना

सदनिकेचा ताबा मिळाला, रंगकाम आटोपले, सोफा आणि पडदे आले की दिवाणखान्यातला एखादा कोपरा रिकामा वाटू लागतो. तिथे पाच-सहा फूट उंचीचे हिरवेगार झाड ठेवावे, असा विचार हल्ली अनेक शहरी घरांत होतो. रोपवाटिकेत जाऊन रबराचे झाड, अरेका पाम किंवा मॉन्स्टेरा पसंत केला जातो. मग प्रश्न उरतो कुंडीचा, आणि तो बहुधा पाच मिनिटांत सोडवला जातो. सोफ्याच्या रंगाशी जुळणारी, झाडाच्या उंचीला शोभेल अशी भली मोठी कुंडी घरी येते. दोन-तीन महिन्यांत खालची पाने पिवळी पडू लागतात. पाणी कमी पडत असावे, अशा समजुतीने आणखी पाणी घातले जाते आणि एक दिवस झाड मान टाकते.

‘आमच्या घरात झाडे जगतच नाहीत’ असे मग म्हटले जाते. रोपवाटिकेने खराब झाड दिले, असाही संशय घेतला जातो. खरे कारण मात्र बऱ्याचदा त्या देखण्या कुंडीतच दडलेले असते. घरातल्या मोठ्या झाडाची किंमत आज हजारांच्या घरात जाते. त्यामुळे झाड निवडताना जेवढा वेळ आपण देतो, त्याच्या निम्मा तरी कुंडीला द्यायला हवा.

कुंडीचे काम काय?

जमिनीत वाढणाऱ्या झाडाची मुळे पाण्याच्या शोधात हवी तेवढी पसरतात आणि जास्तीचे पाणी खाली झिरपून जाते. कुंडीतल्या झाडाला यातले काहीच शक्य नसते. माती किती, पाणी किती वेळ साठून राहणार, मुळांना हवा किती मिळणार, हे सारे कुंडीच ठरवते. पानांना जशी हवा लागते, तशी मुळांनाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असतात. या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्यानेच भरलेल्या राहिल्या, तर मुळांना प्राणवायू मिळत नाही. ती दुबळी होतात, ओल्या मातीतील बुरशी त्यांच्यावर हल्ला करते आणि मुळे सडतात. सडलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणूनच माती ओली असतानाही पाने तहानलेल्या झाडासारखी लोंबू लागतात आणि घरातले माणूस पुन्हा पाण्याचा तांब्या उचलते.

घरातील कमी उजेडामुळे हा धोका वाढतो. उन्हातले झाड भराभर पाणी ओढते. समोरच्या इमारतीने अडवलेल्या खिडकीपासून आठ-दहा फूट आत असलेल्या झाडाची पाण्याची गरज त्या मानाने पुष्कळच कमी असते. अंगणात जी कुंडी दोन दिवसांत सुकते, ती दिवाणखान्यात आठवडाभरही ओली राहू शकते. म्हणून बाहेरच्या झाडासाठी चालणारे माप घरातल्या झाडाला जसेच्या तसे लावून चालत नाही.

माप झाडाचे की मुळांचे?

कुंडीचे माप झाडाच्या उंचीवरून घेण्याची पद्धत रूढ आहे. अंदाज म्हणून ती वाईट नाही. तीन ते चार फूट उंचीच्या झाडाला साधारणपणे १० ते १२ इंच व्यासाची, पाच ते सहा फुटांच्या झाडाला १४ ते १६ इंचांची आणि त्याहून उंच झाडाला १८ ते २० इंचांची कुंडी लागते. पण रोपवाटिकेतले सहा फुटी झाड कित्येकदा १० इंचांच्या काळ्या पिशवीत वाढलेले असते. त्याची मुळे तेवढ्याच जागेत असतात. अशा झाडाला एकदम १६ इंचांची कुंडी दिली, तर मुळांभोवती रिकाम्या मातीचे मोठे कडे तयार होते. त्या मातीतले पाणी पिणारे कोणी नसते.

यामागचे गणित लक्षात घेण्यासारखे आहे. कुंडीचा व्यास आणि उंची एकाच प्रमाणात वाढली, तर आत मावणारी माती घनाच्या हिशेबाने वाढते. १० इंचांवरून १२ इंचांवर गेल्यास माती सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. १० वरून १६ वर गेल्यास ती जवळजवळ चौपट होते. मुळे मात्र आधी होती तेवढीच असतात. म्हणून जुन्या पिशवीपेक्षा किंवा कुंडीपेक्षा नवी कुंडी दोन इंचांनी मोठी घ्यावी. झाड फारच मोठे आणि जोमाने वाढणारे असेल, तर तीन ते चार इंचांनी मोठी चालेल. मुळांचा गठ्ठा आणि कुंडीची कड यांत सर्व बाजूंनी एक ते दोन इंच जागा राहिली की पुरे.

लहान मुलांसाठी कपडे घेताना ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची आपली सवय आहे. झाडाच्या बाबतीत ती सवय महागात पडते.

उंची, निचरा आणि खडीचा गैरसमज

कुंडीचा व्यास सगळेच पाहतात, उंचीकडे मात्र दुर्लक्ष होते. कुंडीला कितीही भोके असली, तरी पाणी घातल्यावर तळाचा काही भाग ओलाचिंब राहतोच. मातीचे बारीक कण पाणी धरून ठेवतात आणि त्या थरातले पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने निथळत नाही. या थराची जाडी मातीच्या पोतावर ठरते; कुंडी उंच असो की बुटकी, ती जवळपास तेवढीच राहते. साहजिकच बुटक्या, पसरट कुंडीत मुळांच्या वाट्याला ओला भाग जास्त येतो आणि उंच कुंडीत कोरडा, हवेशीर भाग जास्त मिळतो.

स्वयंपाकघरातील भांडी घासायच्या स्पंजवर हे पडताळून पाहता येते. चौकोनी स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरावा. थोडे पाणी गळून थेंब थांबले की तोच स्पंज उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच, त्यातली भोकेही तीच. बदलली ती केवळ उंची.

कुंडीच्या तळाशी दोन-तीन इंच खडी किंवा विटांचे तुकडे घालण्याची जुनी पद्धतही याच दृष्टीने तपासायला हवी. खडीमुळे निचरा चांगला होतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी, ती माती पुरेपूर भिजल्याशिवाय जाड खडीत उतरत नाही. त्यामुळे ओला थर खडीच्या वर, म्हणजेच मुळांच्या अधिक जवळ सरकतो आणि मातीची जागाही कमी होते. भोकावर खापरीचा एखादा तुकडा किंवा जाळीचा लहानसा चौकोन ठेवावा. माती वाहून जाऊ नये, यासाठी तेवढे पुरेसे असते. निचरा सुधारायचा असेल, तर संपूर्ण मातीच भुसभुशीत करावी. बागेची माती, कोकोपीट आणि गांडूळखत यांच्या मिश्रणात परलाईट, जाड वाळू, भाताचे तूस किंवा विटांचे बारीक तुकडे मिसळावेत.

भोकांचे म्हणाल, तर १४ इंचांच्या कुंडीला अर्ध्या इंचाची निदान तीन-चार भोके असावीत. तळाला एकच भोक असलेली कुंडी सपाट लादीवर ठेवली, की ते भोक लादीलाच चिकटून बंद होते. अशा वेळी कुंडीखाली विटांचे किंवा फरशीचे तीन तुकडे ठेवून ती अर्धा इंच वर उचलून घ्यावी.

कुंडी कशाची घ्यावी?

मातीची कुंडी: माठातले पाणी गार का राहते, हे मराठी घरात कुणाला सांगावे लागत नाही. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते आणि त्याचे बाष्प होते. कुंडीतही हेच घडते. माती चहूबाजूंनी सुकते आणि जास्त पाणी घालण्याच्या सवयीपासून झाडाचा काही प्रमाणात बचाव होतो. मुंबई आणि कोकणाच्या दमट हवेत हा मोठाच फायदा आहे. याउलट नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा मातीची कुंडी पाहता पाहता कोरडी पडते. एकच कुंडी साऱ्या महाराष्ट्राला सारखी लागू पडत नाही, ती अशी. धारावीच्या कुंभारवाड्यातून घ्या किंवा रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून, माठ घेताना मारतो तशी टिचकी मारून पाहावी. खणखणीत आवाज आला तर कुंडी नीट भाजलेली आहे, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असण्याची शक्यता आहे. नवी कुंडी झाड लावण्यापूर्वी काही तास पाण्यात बुडवून ठेवावी, नाहीतर ती सुरुवातीचे पाणी स्वतःच पिऊन टाकते. कालांतराने बाहेरून पांढरा थर येतो, तो पाण्यातील आणि खतांतील क्षारांचा असतो. ब्रशने घासून तो काढता येतो. वजन आणि फुटण्याची भीती हे या कुंडीचे दोष.

प्लास्टिक: हलके, स्वस्त आणि हलवायला सोपे. ओलावा जास्त काळ टिकतो, म्हणून पाणी जपून द्यावे. कोरड्या हवेच्या गावांत आणि ज्यांना रोज लक्ष द्यायला जमत नाही त्यांना सोयीचे. पातळ प्लास्टिक गॅलरीतल्या उन्हात ठिसूळ होते. मोठ्या झाडासाठी जाड काठाची कुंडी पाहावी.

चिनी माती: दिसायला सुंदर, वजनाने स्थिर. चकाकीच्या थरामुळे तिच्यातून बाष्पीभवन होत नाही. अनेक कुंड्यांना तळाशी भोकच नसते. घेण्यापूर्वी कुंडी उलटी करून पाहावी.

सिमेंट: टिकाऊ, पण अतिशय जड. नव्या कुंडीतला चुना मातीत उतरतो, म्हणून ती काही दिवस पाण्याने भरून ठेवावी आणि पाणी दोन-तीनदा बदलावे. वरच्या मजल्यावर, घराच्या आत ठेवण्यासाठी ही पहिली निवड असू नये.

फायबर: सिमेंट किंवा दगडासारखी दिसणारी, वजनाने मात्र हलकी. किंमत जास्त असली, तरी १६ इंचांपुढील कुंडी सदनिकेत ठेवायची असेल, तर हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे.

तांबे-पितळ: जुने घंगाळ किंवा मोठे पातेले घासूनपुसून त्यात झाड लावण्याची हौस अलीकडे दिसते. दिसते ते छानच, पण अशा भांड्याला निचऱ्याची वाट नसते. शिवाय ओल्या मातीत उतरणारे तांबे मुळांना मानवत नाही. घंगाळाला भोक पाडायचे मनात येत नसेल, तर पाडूही नये. झाड प्लास्टिकच्या कुंडीत लावावे आणि ती कुंडी घंगाळात ठेवावी.

कुंडीत कुंडी

बिनभोकाच्या चिनी मातीच्या कुंडीलाही हाच उपाय लागू पडतो. आतली कुंडी झाडाची, बाहेरची आपल्या डोळ्यांसाठी. आतली कुंडी बाहेरच्या कुंडीपेक्षा एक-दोन इंचांनी लहान असावी आणि तळाशी फरशीचा तुकडा ठेवून ती उचलून घ्यावी. पाणी देताना शक्य असल्यास आतली कुंडी बाहेर काढून न्हाणीघरात न्यावी, पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि मग परत ठेवावी. १४ इंचांपुढील कुंडी रोज उचलणे शक्य नसते. तेव्हा पाणी बेताने द्यावे आणि अर्ध्या तासाने बाहेरच्या कुंडीत डोकावून पाहावे. साठलेले पाणी जुन्या कापडाने किंवा स्पंजने टिपून घ्यावे.

कोणत्या झाडाला कोणती?

रबराचे झाड: मेघालयातील जिवंत मुळांचे पूल याच झाडाच्या मुळांपासून घडवले जातात. यावरून त्या मुळांची ताकद कळावी. कुंडी जड, रुंद तळाची आणि निमुळती असावी. दर वेळी दोन इंचांनीच वाढवावी.

अरेका पाम: एका कुंडीत अनेक बुंधे असतात आणि मुळांची फार ढवळाढवळ त्यांना सोसत नाही. थोडी घट्ट कुंडी चालते. उभट आणि खोल कुंडी निवडावी.

मॉन्स्टेरा: हा मुळात झाडांवर चढणारा वेल. त्याला आधाराची काठी लागते आणि काठीसकट सारा भार एका बाजूला झुकतो. कुंडी रुंद, जड आणि काठी रोवता येईल इतकी खोल हवी.

फिडल लीफ फिग: पाने मोठी, शेंडा जड आणि बुंधा बारीक. कुंडी कलंडणार नाही अशी रुंद तळाची घ्यावी. उंचीच्या मोहाने फार मोठी कुंडी मात्र देऊ नये. ओल्या मातीचा त्रास याला लवकर होतो.

स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट: दोघांनाही जमिनीखाली जाड कंद असतात. झेडझेड त्यातच पाणी साठवतो, तर स्नेक प्लांट पानांतही साठवतो. यांना मातीची, घट्ट मापाची कुंडी उत्तम. स्नेक प्लांटचे कंद आडवे पसरतात आणि पातळ प्लास्टिकची कुंडी फोडून बाहेर येतात. खाली पाण्याची टाकी असलेल्या, स्वतःच पाणी देणाऱ्या कुंड्या या दोघांसाठी घेऊ नयेत.

कोणत्याही मोठ्या झाडासाठी एक गोष्ट टाळावी. पोट मोठे आणि तोंड अरुंद, अशी माठाच्या घाटाची कुंडी घेऊ नये. आत गेलेला मुळांचा गठ्ठा कुंडी फोडल्याशिवाय बाहेर येत नाही.

वजनाचा हिशेब

१६ इंच व्यासाच्या निमुळत्या कुंडीत साधारण ४० लिटर माती मावते. ती साधी बागेची माती असेल, तर भिजल्यावर तिचे वजन ६० किलोच्या आसपास जाते. त्यात कुंडी आणि झाड वेगळे. कोकोपीट आणि परलाईट घातलेल्या मिश्रणाने हे वजन बरेच घटते. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरून आखला जातो. एखाद्या कुंडीने खोलीत धोका निर्माण होत नाही. मात्र जुन्या इमारतीच्या गॅलरीत सिमेंटच्या सात-आठ कुंड्या एका रांगेत ठेवण्याआधी विचार करावा. खिडकीच्या जाळीवर किंवा छज्जावर मोठी कुंडी कधीही ठेवू नये. तिथून निसटलेली कुंडी खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

घरात लहान मुले असतील, तर कुंडीच्या काठाला धरून उभे राहण्याचा प्रयत्न ती करणारच. उंच, अरुंद कुंडीत उंच झाड लावले की ते चटकन कलंडते. कुंडी घेतल्यावर शेंड्याला हलकासा धक्का देऊन पाहावा. झाड डुलले तर ठीक, कुंडी उचलली गेली तर तळ रुंद हवा. जड कुंडीसाठी चाकांची चौकट मिळते. चाकांना ब्रेक आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

बशीतले पाणी

लादी ओली होऊ नये म्हणून कुंडीखाली बशी ठेवली जाते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आपल्याकडच्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. अंडी बशीच्या कडेला चिकटतात आणि कोरड्या अवस्थेत अनेक महिने तग धरतात. नुसते पाणी ओतून देणे म्हणूनच पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा बशी घासून कोरडी करायला हवी. पावसाळ्यात महापालिकांचे कर्मचारी घरोघरी तपासणीला येतात, तेव्हा फुलदाण्यांबरोबरच कुंड्यांखालच्या बशाही पाहतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन त्यासाठीच असते. खरेदीच्या वेळीच जरा मोठी आणि सहज बाहेर सरकवता येईल अशी बशी घेतली, तर हे काम टळत नाही. कुंडीला कायमची जोडलेली बशी मात्र टाळावी.

कुंडी कधी बदलावी?

भोकांतून मुळे बाहेर डोकावू लागली, घातलेले पाणी क्षणात खाली येऊ लागले, किंवा एरवी आठवडाभर टिकणारा ओलावा दोन दिवसांत संपू लागला, तर मुळांना जागा उरलेली नाही असे समजावे. मोठ्या झाडावर ही वेळ साधारण दोन-तीन वर्षांनी येते. आपल्याकडे पावसाळ्याची सुरुवात किंवा थंडी ओसरल्यावरचे फेब्रुवारी-मार्च हे दिवस या कामाला चांगले. मेच्या कडक उन्हाळ्यात झाडाला हात लावू नये.

रोपवाटिकेतून आणलेले झाडही लगेच नव्या कुंडीत घालू नये. त्याला दोन आठवडे घराच्या उजेडाशी जुळवून घेऊ द्यावे. कुंडी बदलताना गोल फिरलेली मुळे हळुवार मोकळी करावीत. पिशवीतली माती चिकट, लाल असेल, तर गठ्ठ्याच्या कडेची माती बोटांनी थोडी सैल करावी. नाहीतर पाणी भोवतालच्या हलक्या मातीतून निघून जाते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. बुंधा पूर्वी जेवढा मातीत होता, तेवढाच ठेवावा. वरती एक-दोन इंच जागा पाण्यासाठी सोडावी.

झाड आणखी वाढायला नको असेल, तर कुंडी मोठी करण्याची गरज नाही. गठ्ठ्याच्या बाहेरची साधारण पाव हिस्सा मुळे छाटावीत आणि ताजी माती घालून झाड त्याच कुंडीत लावावे. झाड हलवणेच अशक्य असेल, तर दरवर्षी वरची दोन इंच माती काढून तिथे नवी माती आणि गांडूळखत घालावे.

खरेदीला निघताना

• झाड सध्या ज्या पिशवीत किंवा कुंडीत आहे, तिचा व्यास मोजून लिहून घ्यावा. त्यात दोन इंच मिळवावेत.
• कोपऱ्यात उजेड किती आहे, ते दिवसा पाहावे. उजेड जितका कमी, तितकी कुंडी घट्ट मापाची आणि माती हलकी हवी.
• कुंडी उलटी करून भोके मोजावीत.
• रिकामी कुंडी एकट्याने उचलता येते का, ते दुकानातच पाहावे.
• बशी सोबतच घ्यावी आणि ती वेगळी काढता येईल याची खात्री करावी.
• शोभेची कुंडी आवडलीच, तर तिच्यात मावेल अशी प्लास्टिकची कुंडी त्याच वेळी घ्यावी.

यानंतर रंग आणि नक्षी आपल्या आवडीची निवडावी. झाडाला त्यात काहीच म्हणायचे नसते. त्याला हवी असते ती मुळांपुरती जागा, पाणी निघून जायला वाट आणि मधूनमधून मातीत बोट घालून ओल तपासणारे घरातले कुणीतरी.